‘धूरमुक्त स्वयंपाकघर’ या वचनावर शेगडी का खपत नाही?

माणदेशी :
परवा या मंचावर एका तरुण उद्योजकाने आपल्या पेलेट-शेगडीच्या, म्हणजे शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या कांड्यांवर चालणाऱ्या शेगडीच्या, व्यवसायाची मांडणी केली. ‘धूरमुक्त स्वयंपाकघर, निरोगी कुटुंब’ हेच आमचे वेगळेपण आहे, ग्रामीण स्त्रियांमध्ये जागृतीचा अभाव असल्यामुळे विक्री अडली आहे आणि जागृती झाली की शेगडी आपोआप खपेल, असा तिचा सारांश होता. ‘जागृतीचा अभाव’ हे शब्द वाचल्यावर मला गप्प बसवेना.

सांगोला आणि माण भागातल्या बचतगटांबरोबर मी अकरा वर्षे काम केले आहे आणि धूर वाईट असतो हे ठाऊक नसलेली एकही बाई मला आजवर भेटलेली नाही. पदराने डोळे पुसत जी रोज फुंकणी फुंकते, तिला धुराविषयीचे पत्रक वाचून दाखवणे हा तिचा अपमान आहे. ती शेगडी नाकारते, कारण चुलीकडून ती काय काय काम करून घेते हे विकणाऱ्याने कधी बसून पाहिलेले नसते. चुलीवर तवा असतो, शेजारच्या वैलावर, म्हणजे चुलीच्या दुसऱ्या तोंडावर, कालवण रटरटत असते, तव्यावर भाजलेली भाकरी ती चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या आरावर (निखाऱ्यांवर) उभी करते आणि ती फुगेपर्यंत दुसरी थापून होते. सात माणसांच्या घरातल्या वीस-बावीस भाकऱ्या अशा तासाभरात उरकतात. पेलेटच्या शेगडीला तोंड एकच, आर ओढायला जागा नाही, आणि भरलेले पेलेट मध्येच सरले तर शेगडी रिकामी करून पुन्हा पेटेपर्यंत मळलेले पीठ परातीत वाळत राहते.

‘ऊर्जा’ शेगडीचे काय झाले, हे या क्षेत्रात उतरणाऱ्याने तरी विसरू नये. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने तयार झालेली ही पेलेटवर चालणारी पंख्याची शेगडी बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने २००६ मध्ये बाजारात आणली आणि काही वर्षांत महाराष्ट्र-कर्नाटकासह चार लाखांहून अधिक घरांत ती गेली. म्हणजे विक्री अडली नव्हती. मात्र ज्या शेतमालाच्या टाकाऊ भागापासून पेलेट बनत होते, त्याला दुसरी गिऱ्हाइके मिळाली, पेलेटचा भाव चढला आणि शेगड्या माळ्यावर गेल्या. म्हणून मला असे वाटते, की या धंद्यात वेगळे ठरणारे वचन एकच आहे : पुढचे पोते चालत जाता येईल अशा दुकानात, बाराही महिने, आज सांगितलेल्या भावाने मिळेल. आमच्या गटाने एका विक्रेत्याकडून घेतलेल्या शेगड्यांचे पंखे पहिल्याच पावसाळ्यात बंद पडले आणि दुरुस्तीचा माणूस उगवला तो दिवाळीनंतर. तोवर बायकांनी चुली पुन्हा सारवून घेतल्या होत्या.

हिशेबनीस :
भाकरीचे वर्णन अचूक आहे, पण निष्कर्ष पटत नाही. तुमचे वचन कितीही पक्के असले तरी ते फुकट सरपणाशी स्पर्धा करू शकत नाही. आमच्या यवतमाळकडे कापूस निघाला की पऱ्हाट्या आणि तूर निघाली की तुराट्या घराशेजारी रचून ठेवतात. त्यांना बाईची मेहनत लागते, रोख पैसा लागत नाही. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने दारात गॅस आणून ठेवला, तरीही त्या ग्राहकांचे वर्षाचे सरासरी सिलिंडर २०१९-२० मध्ये ३.०१ आणि २०२३-२४ मध्ये ३.९५ इतकेच होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिलिंडरमागचे अनुदान ३०० रुपये झाले, परंतु ते नंतर खात्यात येते. आधी पूर्ण रक्कम एकरकमी मोजावी लागते आणि आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरी मिळणाऱ्या घरात एवढी रक्कम एकाच दिवशी कधी नसते.

म्हणून जो आधीच इंधन विकत घेतो त्यालाच विकावे : खाणावळ, चहाचा गाडा, फरसाणाची भट्टी, शाळेची खिचडी. ‘ऊर्जा’ ज्या पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे गेली, ती कंपनीही पुढे हॉटेलांच्या आणि मोठ्या स्वयंपाकघरांकडेच वळली. गरिबाच्या चुलीवर धंदा उभा करण्याचा हट्ट धरून अनेकांनी आपले भांडवल बुडवले आहे, आणि त्यात माझ्या धाकट्या भावाचेही आहे.

परिचारिका :
मी हे सगळे वाचून अस्वस्थ झाले आहे. धूर हा जाहिरातीतला शब्द आहे आणि खरा प्रश्न भाकरी फुगण्याचा आहे, असे आपण दोघेही म्हणत आहात. माझ्या आईने आयुष्यात विडीला हात लावला नाही, तरी शेवटची सहा वर्षे ती उशीला टेकून बसल्या बसल्याच झोपत होती, कारण आडवे पडले की दम लागायचा. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो चुलीविषयी. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सुनेला विचारा, लहान मूल पाठीशी बांधून ती कोठे बसते. ज्या व्यवसायाला हे सांगण्याची लाज वाटते, त्याने ‘स्वच्छ’ हा शब्द वापरू नये.

माणदेशी :
ताई, आपल्या आईविषयी वाचून वाईट वाटले, आणि माझ्या लिहिण्यातून धूर क्षुल्लक आहे असा अर्थ निघाला असेल तर ती माझी चूक आहे. तरीही माझे म्हणणे मी मागे घेत नाही. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात सुधारित चुली दिलेल्या घरांचा चार वर्षे पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी धूर थोडा कमी झाला, पुढे चुलींची डागडुजी झाली नाही, वापर घटला, धुरातला फरकही नाहीसा झाला आणि आरोग्यात तर फरक दिसलाच नाही. वापरलीच न जाणारी शेगडी कोणाचीही फुप्फुसे वाचवत नाही. आरोग्य हा परिणाम आहे; तो घडावा म्हणूनच विकताना दुसरे काहीतरी सांगावे लागते.

बंबवाला :
आपण सगळे स्वयंपाकावर भांडत आहात आणि अंघोळीच्या पाण्याचे नावही कोणी काढलेले नाही. माझे घर कराडजवळ आहे. घरात गॅसची जोडणी आहे, इंडक्शन आहे, तरी पहाटे पाचला अंगणातला तांब्याचा बंब पेटतोच. सहा माणसांचे पाणी, जनावरांचे आंबोण, बाळंतिणीच्या न्हाणीचे पाणी हे सगळे लाकडावर होते. माझ्या अंदाजाने निम्मे सरपण पाण्याला जाते. ‘आमच्या शेगडीने लाकूड वाचते’ असे सांगणाऱ्याने बंबाचे काय, याचे उत्तर द्यावे. जोवर बंब आहे तोवर बाईची मोळी सुटत नाही आणि मोळी आणायचीच आहे तर चारदोन लाकडे चुलीतही जातात.

हिशेबनीस :
‘माझ्या अंदाजाने निम्मे’ हा पुरावा नव्हे. कोकणात आणि घाटावर हे प्रमाण एकच असणे शक्य नाही. शिवाय अंघोळीचे पाणी हा स्वयंपाकाच्या व्यवसायाचा विषयच नाही.

बंबवाला :
विषय कसा नाही? मोळी एकच असते, तिच्यावर पाण्याची लाकडे आणि भाकरीची लाकडे असे शिक्के मारलेले नसतात. आपण खुर्चीत बसून सरपणाला फुकट म्हणता, पण माझ्या चुलतीच्या मानेला त्या ओझ्याने पट्टा लागला आहे आणि त्या पट्ट्याची किंमत कोणत्याच हिशेबात धरलेली नाही.

हिशेबनीस :
खुर्चीत बसून लिहिलेले नाही. मीही शेतकऱ्याचाच मुलगा आहे आणि तुराट्यांचे भारे मी डोक्यावर वाहिले आहेत. मुद्दा बाईच्या श्रमाला मोल नसण्याचा नाही. ते मोल शेगडीवाल्याला रोखीने देणारा घरात कोण आहे, हा आहे. पैशाची पिशवी तिच्या हातात नसते.

तळकोकण :
अंघोळीचे पाणी हा फाटा नाही, आमच्याकडे तोच मुख्य रस्ता ठरला. सिंधुदुर्गात जुलैमध्ये चुलीत घालायला कोरडे लाकूड मिळत नाही. माडाची झावळे आणि करवंट्या पडवीत रचून पाऊस काढावा लागतो. येथे झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानसारख्या संस्थेने बँकेच्या कर्जावर गोबरगॅस बांधायला लोकांना तयार केले, तेव्हा गायवाल्यांना तीन गोष्टी पटल्या : पावसात पेटणारी आग, पाणी तापवण्याची सोय आणि भाजी-माडाला खत म्हणून घालायची स्लरी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर उरणारा शेणाचा काला. खरे म्हणजे पुरुषाने खिशात हात घातला तो स्लरीसाठी, कारण खताचा खर्च त्याच्या वहीत होता आणि सरपणाचा कोणाच्याच वहीत नव्हता. आमच्या घरी पहिल्या वर्षी आईने सर्वांत जास्त काय सांगितले असेल, तर पातेल्याच्या बुडाची काजळी राखेने घासण्यात जाणारा अर्धा तास सुटला. अर्थात दोन जनावरे आणि शेण कालवायला पाणी नसलेल्या घराला यातले काहीच लागू नाही, हेही मी मान्य करतो.

पेलेटवाला :
ज्या मांडणीवर हा धागा सुरू झाला ती माझी आहे. ‘जागृतीचा अभाव’ हे शब्द मी मागे घेतो, बाकीचे नाही. आमची शेगडी कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे वाचवलेल्या कार्बन उत्सर्जनाबद्दल मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांच्या, उत्पन्नामुळेच परवडणाऱ्या भावात देता येते, आणि ते उत्पन्न धूर व लाकूड कमी झाल्याच्या दाव्यावरच मिळते. आपण सांगता ते ‘वर्षभर एकच भाव’ हे वचन मी दिले आणि ऊसतोडीच्या हंगामानंतर पाचट महागले, तर तोटा कोण भरणार?

हिशेबनीस :
मग आपले खरे गिऱ्हाईक कोण हे आधी ठरवा. आपली मांडणी परदेशातल्या क्रेडिट घेणाऱ्यासाठी लिहिलेली आहे आणि ती वाचायला देत आहात सांगोल्याच्या बाईला. त्यातही २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले, की त्यांनी तपासलेल्या चूल-प्रकल्पांची क्रेडिटे प्रत्यक्षातल्या बचतीच्या सुमारे नऊपट फुगवलेली होती, आणि त्याचे एक मोठे कारण नव्या शेगडीचा वापर वाढवून धरणे हेच होते. ज्या पायावर आपण भाव ठरवला आहे तोच खचतो आहे. माणदेशींचे एवढे मी मान्य करतो, की वापर टिकला नाही तर क्रेडिटही टिकणार नाही.

माणदेशी :
भावाच्या प्रश्नाला उत्तर आहे, ते अवघड आहे इतकेच. पोते लहान करा. केनिया-टांझानियात सिलिंडरला मीटर बसवून रोजच्या वापरापुरते पैसे मोबाइलवरून भरण्याची सोय निघाली. आपल्याला पाच किलोची पिशवी किराणा दुकानात ठेवायला मीटरही लागत नाही. पाचट हंगामातच घेऊन साठवा आणि तो खर्च सुरुवातीलाच भावात धरा, म्हणजे मे महिन्यात तोंड लपवावे लागणार नाही. आणि चुलीऐवजी शेगडी असे सांगू नका. कालवण, चहा आणि रात्रीचा भात शेगडीवर, भाकरी चुलीवर, असे सांगितलेत तर बाई आपल्यावर विश्वास ठेवील, कारण ती तसेच करणार आहे.

परिचारिका :
भाकरीच चुलीवर राहणार असेल तर सर्वांत जास्त वेळ ती धुरातच बसणार. हे मला मान्य नाही आणि होणारही नाही. पाच किलोच्या पिशवीचे मात्र पटले.

पेलेटवाला :
पिशवीचा हिशेब मी मांडून पाहतो. भाकरीसाठी शेगडीच्या कडेला निखाऱ्याचा कप्पा काढता येईल का, हे लोहाराला विचारले आहे. बंबाचे प्रमाण मात्र मला खरोखर माहीत नाही.

बंबवाला :
मग मोजू या. गुरुवारी पहाटे ताणकाटा घेऊन आमच्याकडे या. सरपणाचे दोन भारे वेगळे बांधून ठेवतो, एक बंबाचा आणि एक चुलीचा. सात दिवस दोन्ही रोज तोलायचे. हिशेबनीस यवतमाळला तेच करणार असतील तर एक पाट मी त्यांच्यासाठीही मांडून ठेवतो.

हिशेबनीस :
करतो. थंडीतला आठवडा धरू नका, मग आकडा तुमच्या बाजूने झुकेल.