४००ईएक्स: मागे २२ इंची टायर घालू की पुढच्या स्प्रॉकेटचा दाता कमी करू?

हुरॉनकाठ

मंडळी, माझ्याकडे २००७ ची होंडा टीआरएक्स ४००ईएक्स आहे, म्हणजे कच्च्या वाटांवर चालवायची चारचाकी एटीव्ही. वापरलेली घेतली, पण इंजिन ठणठणीत. कंपनीतून आली तशीच ठेवली आहे: पुढचं स्प्रॉकेट (चेन ज्यावर चालते ते दातेरी चाक) १५ दात्यांचं, मागचं ३८ चं. टायर पुढे २२×७-१०, मागे २०×१०-९ (इंचांत: टायरचा व्यास, रुंदी, रिमचा व्यास). मागच्या टायरचे गट्टू झिजून सपाट झालेत आणि चेनही ताणली गेली आहे. म्हणजे टायर, चेन, स्प्रॉकेट सगळं एकदमच घ्यायचं आहे. एकदा खर्च केला की पुढची काही वर्षं त्यातच काढायची, म्हणून आधी विचारून घेतो.

मी ॲन आर्बरला राहतो. गाडी चालते ती बहुतेक उत्तर मिशिगनमध्ये, सेंट हेलन आणि बुल गॅपच्या जंगलवाटांवर. तिथे सगळी वाळू, मधे पाइनची मुळं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी वाळूत पाडलेले एकामागोमाग एक उंचवटे. या उंचवट्यांवर माझा जीव मेटाकुटीला येतो. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी दम टाकते, पहिल्यात घेतली की इंजिन नुसतं किंचाळतं आणि पुढे काही जात नाही. मधला एखादा गिअर असता तर, असं दर वेळी वाटतं. अंगावरच्या सगळ्या सामानासकट माझं वजन ९५ किलोच्या आसपास भरतं, हेही सांगून ठेवतो.

सप्टेंबरमध्ये कोलंबसच्या मित्रांबरोबर वेस्ट व्हर्जिनियात हॅटफिल्ड-मॅकॉयच्या डोंगरवाटांवर जायचं ठरलं आहे. तिथे वाळू नाही, दगड आणि उभे चढ. टायरच्या दुकानातला माणूस म्हणतो मागे सरळ २२ इंची घाल, खालची उंची वाढेल, स्प्रॉकेट दगडावर आपटणार नाही. एक मित्र म्हणतो टायर तेच ठेव, पुढे १४ चं स्प्रॉकेट टाक. दोन्ही एकदम केलं तर काय होईल? शिरोलीकर काका इथे असतील तर त्यांनी जरूर लिहावं.

---

शिरोलीकर

आहे रे बाबा. सॅगिनॉला मुलाकडे आहे सध्या, गॅरेजमध्ये नातवाची रॅप्टर (यामाहाची एटीव्ही) उघडून बसलोय.

पहिल्यांदा हे डोक्यात पक्कं कर: दुकानदार आणि मित्र दोघे तुला एकमेकांच्या उलट दिशेला पाठवतायत. मोठा टायर गिअरिंग उंच करतो, म्हणजे वेग जास्त, जोर कमी; छोटं पुढचं स्प्रॉकेट ते खाली आणतं, म्हणजे जोर जास्त, वेग कमी. दोन्ही एकदम केलंस तर बरंचसं एकमेकांत जिरून जातं. वाईट नाही ते, पण पैसे कशाला घातले हे माहीत असावं.

आता आकडे. ३८ भागिले १५ म्हणजे २.५३. पुढे १४ घातलं की २.७१, म्हणजे चाकावरचा जोर सुमारे ७ टक्क्यांनी वाढला आणि त्याच आरपीएमला वेग तेवढ्याच प्रमाणात उतरला. मागे २० ऐवजी २२ इंची टायर म्हणजे व्यास १० टक्के वाढला. १५/३८ (पुढचे दाते/मागचे दाते) तसंच ठेवून २२ घातलास तर जोराच्या हिशेबात तुझं २.५३ घसरून २.३० वर येतं. वाळूत दुसऱ्या गिअरला आत्ताच गाडी दम टाकतेय, मग तर दुसरा गिअर हातचा जाईल. वर तो टायर जड, ते वजन परिघावर, आणि दर उंचवट्यानंतर इंजिनाला ते पुन्हा फिरवायचंय. तुझं इंजिन ३९७ सीसीचं, हवेवर थंड होणारं. हळू वेगात, कमी आरपीएमला, हाफ क्लचवर रेटत राहिलास की तापणार. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. क्लच प्लेटा परत मिळतात, पण दरीच्या तळाशी बसून इंजिन थंड व्हायची वाट बघणं बरं नव्हे.

बरं, २२ इंचीच घालायचं ठरवलंस तर? मग १४/३९ लाव. ३९ भागिले १४ म्हणजे २.७९, त्याला १.१ ने भाग, २.५३ आलं. हुबेहूब आत्ताचं गिअरिंग, वर खालची उंची एक इंच जास्त. आणि यात एक फार छान गोष्ट आहे बघ: १५ आणि ३८ मिळून ५३, १४ आणि ३९ मिळूनही ५३. चेनची लांबी मुख्यतः दोन्हीकडच्या दात्यांच्या बेरजेवर ठरते, त्यामुळे तेवढ्याच कड्यांची चेन लागेल आणि अ‍ॅक्सलसुद्धा जवळजवळ त्याच जागी राहील. आयुष्यभर गिअर कापले मी, पण असा जुळून आलेला हिशेब बघितला की अजून बरं वाटतं.

पण यानं तुझं वाळूतलं दुखणं तसंच राहतं. २२ इंची टायर घालून शिवाय १४/३८ वाला जोर हवा असेल तर प्रमाण ३ च्या आसपास न्यावं लागतं. म्हणजे १३/३९ किंवा १४/४२. दोन्हीला माझा विरोध आहे. १३ चं स्प्रॉकेट एवढंसं, व्यास ६६ मिलिमीटरच्या घरात. त्यावर चेन फार तीव्र वळते, कड्यांच्या पिना लवकर झिजतात, आणि स्विंगआर्मवरच्या रबरी पट्टीला चेन घासत राहते. ती पट्टी संपली की चेन ॲल्युमिनियम खायला लागते. आणि ४२ चं म्हणशील तर, तुझ्या ५२० मापाच्या चेनला मागच्या स्प्रॉकेटचा एक दाता वाढला की त्याची त्रिज्या अडीच मिलिमीटरनं वाढते. चार दाते म्हणजे एक सेंटिमीटर. टायरनं तुला एक इंच उंची दिली, त्यातला एक सेंटिमीटर स्प्रॉकेटनंच खाल्ला, आणि दगडावर आपटणारी वस्तू तर तेच स्प्रॉकेट.

म्हणून तुला माझा सल्ला: मागे २० इंचीच ठेव, पुढे १४, मागे ३८. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट नवीन, एकदमच. जुन्या चेनवर नवं स्प्रॉकेट घालू नकोस, ताणलेल्या चेनचा पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, बदललेला असतो आणि ती नव्या दात्यांना हुकासारखा आकार देऊन टाकते. इथे बेरीज एकानं कमी होते म्हणून अ‍ॅक्सल साधारण चार मिलिमीटर मागे जाईल, तेवढी जागा असते.

आणि टायरच्या अंगावर छापलंय ते खरं मानू नकोस. २२ लिहिलेला टायर मोजला की कधी कधी साडेएकवीसच भरतो. जमिनीवर खडूची खूण कर, गाडीवर कुणालातरी बसव, चाकाचा एक पूर्ण फेरा ढकल आणि अंतर मोज. कागदावर २० इंचीला १६० सेंटिमीटर आणि २२ ला १७५ यायला हवेत, माणूस बसल्यावर त्याहून थोडे कमी येतील. हिशेब त्या मोजलेल्या आकड्यावर करायचा. दोन्ही मागची चाकं वेगवेगळी मोज. तुझ्या गाडीला मागे डिफरन्शियल (दोन चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग) नाही, एकच सलग अ‍ॅक्सल आहे. एका टायरचा घेर जास्त असला की गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढणार, आणि लोक उगाच हँडलची अलाइनमेंट करत बसतात. घेर सारखा आला नाही तर हवेनं जुळवून घे.

---

रानवाट

काकांच्या १४/३८ ला माझं अनुमोदन, आणि मी ते हॅटफिल्ड-मॅकॉयच्याच अनुभवावरून देते आहे. माझीही ४००ईएक्सच आहे, मागे २० इंची, पुढे १४.

चढाचं सगळे बोलतात, मला उताराचं बोलायचं आहे. तिथल्या काळ्या खुणेच्या, म्हणजे सगळ्यात अवघड, वाटांवर उतार असे आहेत की ब्रेक धरून गेलात तर मागची चाकं जाम होऊन गाडी सरकायला लागते. पहिल्या गिअरमध्ये, क्लच सोडून, इंजिनावरच उतरायचं असतं. १५ च्या स्प्रॉकेटवर पहिला गिअरसुद्धा तिथे जरा जास्तच पळतो. १४ घातल्यावर गाडी हाताला लागल्यासारखी उतरते, आणि तेवढा फरक माझ्यासाठी भीती आणि मजा यांतला फरक होता.

दुसरं म्हणजे २२ इंची टायरनं गाडी मागून एक इंच उचलली जाते. पुढे २२ च ठेवलेत तर नाक खाली झुकतं आणि हँडल चंचल होतं, म्हणजे मग पुढे २३ घ्या, म्हणजे अजून खर्च. डोंगराच्या अंगाला आडवं जाताना वर गेलेला तो एक इंच आणि उंच, लवचीक कड या दोन्ही गोष्टी मला नकोशा वाटतात. मी उंचीने लहान आहे. आडव्या उतारावर गाडी कलंडायला लागली तर पाय टेकवून सावरणं मला जमत नाही, आणि तसा पाय टाकणं धोक्याचंही आहे.

दगडांचं उत्तर टायरच्या उंचीत शोधू नका, प्लायमध्ये, म्हणजे टायरच्या थरांच्या मजबुतीत शोधा. टायरवर चांदण्या असतात बघा: एक म्हणजे दोन प्लाय, दोन म्हणजे चार, तीन म्हणजे सहा. वेस्ट व्हर्जिनियाला तीन चांदण्यांचा टायर आणि स्प्रॉकेट आणि ब्रेकच्या डिस्कखाली जाड ॲल्युमिनियमची स्किड प्लेट, म्हणजे संरक्षक पत्रा. प्लेट दगडावरून घसरून जाते, स्प्रॉकेटचा दाता मात्र अडकतो आणि वाकतो. सहा प्लायचा टायर मिशिगनच्या मुळांवर पाठीला जाणवेल हे खरं. हवा थोडी कमी ठेवा. त्यासाठी कमी दाबाचा वेगळा गेज घ्या. मोटारीच्या टायरचा गेज चार-पाच पीएसआयचा (हवेच्या दाबाचं एकक) दाब काहीच धड दाखवत नाही.

---

पाणंद

मधेच विचारतो, माझी होंडा रँचर आहे, फोर बाय फोर. मलाही २० टक्के जोर वाढवायचा आहे, स्प्रॉकेट कुठे मिळेल?

---

शिरोलीकर

रँचरला चेनच नाही, चाकांना जोर पोचवायला शाफ्ट (फिरता दांडा) आहे. स्प्रॉकेट बदलायचा प्रश्नच येत नाही. तुझ्या हातात टायरचाच आकार आहे, आणि तिथे जपून: फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या चाकांच्या घेराचं प्रमाण कंपनीनं ठरवलेलं असतं. ते बिघडवलंस तर कोरड्या जमिनीवर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि त्याचा मार शाफ्टला बसतो. टायर लहान करायचे तर चारही त्याच प्रमाणात. जास्त विचारायचं असेल तर वेगळा धागा काढ.

---

हुरॉनकाठ

काका, रानवाट, मनापासून आभार. उताराचा विचार मी केलाच नव्हता, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात पटलं ते तेच.

ठरवलं: १४/३८, मागे २०×१०-९ सहा प्लाय, पुढचे २२ आहेत तेच, स्किड प्लेट. दोन शंका उरल्यात. एक, सेंट हेलनच्या वाळूत सहा प्लायच्या वजनाने १४ चा फायदा खाऊन टाकला तर मागे ४० घालू का? दोन, मागचा ट्रॅक (दोन चाकांमधलं अंतर) रुंद करायला स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) घ्यावेत का, डोंगरावर कलंडायची भीती कमी होईल असं एक जण म्हणाला.

---

शिरोलीकर

आधी १४/३८ वर वाळूत चालवून बघ. दुसऱ्या गिअरमध्ये उंचवट्यावरून गाडी स्वतः वर येत असेल तर पुढे काही करू नकोस. अजूनही दम टाकत असेल तर ४०. १४/४० म्हणजे २.८६, आत्तापेक्षा जवळजवळ १३ टक्के जास्त जोर. स्प्रॉकेट पाच मिलिमीटर खाली येईल, स्किड प्लेट तेवढी खाली बसवता येते का ते आधी बघ. एकच कर, चेन घेताना ४० च्या हिशेबानं लांब घे, ३८ लावलेलं असताना चेन ताणायचा ॲडजस्टर पुरतोय तोवर एकही कडी कापू नकोस. चेन तोडणं सोपं, जोडकडी वाढवून चालवणं मला आवडत नाही. १४ आणि ४० ची बेरीज ५४, १४ आणि ३८ ची ५२, दोन्हींत अ‍ॅक्सल आठ मिलिमीटर सरकेल.

स्पेसरचं म्हणशील तर मिशिगनच्या बऱ्याच एटीव्ही-वाटा ५० इंचांपर्यंतच्या गाड्यांसाठीच आहेत. तुझी गाडी ४५ च्या आसपास आहे, म्हणजे नियमात बसवता येईल. पण झाडांच्या दोन बुंध्यांमधून जाताना चालवणारा पुढची चाकं बघतो आणि मागचं चाक बुंध्याला लागतं. शिवाय चाक बाहेर गेलं की अ‍ॅक्सलच्या बेअरिंगवर भार वाढतो. सप्टेंबरआधी नको. अंग डोंगराच्या बाजूला टाकून आडवं जायची सवय कर, रानवाटनं सांगितलेला पाय बाहेर काढायचा मोह टाळ.

आणि जाण्याआधी मागचे दोन्ही टायर ढकलून मोजलेले आकडे इथे टाक. किती सेंटिमीटर भरले ते मलाही बघायचंय.