शब्दचर्चा : डंजनातल्या गोष्टींना मराठीत काय म्हणावं?

सध्या ‘विझर्ड्री’चा पहिला भाग खेळतोय. मूळ खेळ १९८१ चा, अ‍ॅपल टू संगणकावरचा, अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या जोडगोळीचा. माझ्याकडे आहे ती डिजिटल एक्लिप्सची २०२४ ची नवी आवृत्ती. चित्रं नवी, पण आतला हिशेब जुनाच चालतो आणि हवं तर कोपऱ्यात मूळ खेळाचा पडदाही दिसत राहतो. दहा मजले, प्रत्येक मजला २० बाय २० चौकोनांचा. सहा जणांची टोळी जमवायची, मजल्यामागून मजला उतरत जायचं आणि तळाशी दडलेल्या वर्डना नावाच्या मांत्रिकाकडून ताईत परत आणायचा. गोष्ट एवढीच. ताईत परत मागणाऱ्या वेड्या राजाचं नाव ट्रेबर. अँड्र्यू आणि रॉबर्टची रोमन अक्षरं उलटी वाचली की वर्डना आणि ट्रेबर होतात, म्हणजे खलनायकाची आणि वेड्या राजाची जागा कर्त्यांनी स्वतःच घेतली आहे.

चौथ्या मजल्यावरची निळी फीत (खाली नेणारी लिफ्ट चालू करणारी वस्तू) मिळाली, म्हणून जरा थांबून आतापर्यंत काय वाटलं ते लिहायला घेतलं, तर दर वाक्याला गाडी अडतेय. डंजन, क्रॉल, ट्रॅप, स्पिनर, ग्राइंड, लेव्हल. खेळणाऱ्यांशी बोलताना हे शब्द मीही तसेच वापरतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याने असा खेळ कधी पाहिलेलाच नाही, त्याच्या डोळ्यांपुढे या शब्दांनी काही उभं राहत नाही.

सुरुवात डंजनपासूनच करू, म्हणजे टोळी जिथे उतरते त्या जमिनीखालच्या जागेपासून. ‘तळघर’ म्हणावं तर वर घर लागतं. ‘अंधारकोठडी’त कुणी स्वतःच्या पायाने जात नाही, तिथे माणसाला टाकतात. ‘भुयार’ जवळचं वाटतं, पण भुयार म्हटलं की इकडून शिरून तिकडे निघायची चोरवाट डोळ्यांपुढे येते. इथे तर खोल्या आहेत, दारं आहेत, चक्क लिफ्टसुद्धा आहे. काय म्हणता?

*

भुयारच. चोरवाटेचा अर्थ आपण नंतर चिकटवलाय. शब्द आला ‘भूमिगृह’वरून, म्हणजे जमिनीखालचं घर, त्यामुळे खोल्या आणि दारं त्याच्या पोटात आधीपासूनच आहेत.

आणि डंजनचं तरी काय? फ्रेंचमध्ये ‘दोंजाँ’ म्हणजे किल्ल्याचा मधला मुख्य बुरूज, सगळ्यांत उंच आणि मजबूत. इंग्रजीत येता येता तो बुरूज जमिनीखाली गेला आणि कैदखाना झाला. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून पात्रं वठवत खेळायचा खेळ आला, तेव्हापासून कैदी बाहेर पडले आणि राक्षस राहायला आले. तिकडे एवढं चालतं, तर आपल्या भुयाराला एक लिफ्ट जड नाही.

*

भुयाराला +१. पण माझ्या मते नामावर इतका वेळ घालवू नये, क्रियापद महत्त्वाचं. क्रॉलला, म्हणजे डंजन धुंडाळत फिरण्याला, ‘रांगणे’ म्हणणारे लेख मी वाचलेत आणि दर वेळी डोळ्यांपुढे ढोपरं सोललेले सहा योद्धे येतात.

आपल्याकडे यासाठी एक सोडून तीन क्रियापदं आहेत आणि तिन्हींची जात वेगळी. ‘पिंजून काढणे’ म्हणजे काही सुटू नये म्हणून सगळी जागा तपासणे. ‘पालथं घालणे’ त्याहून धसमुसळं, त्यात उलथापालथ आहे. आणि ‘चाचपडणे’ म्हणजे दिसत नसताना हाताने अंदाज घेत पुढे सरकणे.

१९९६ चा ‘डायब्लो’ तुम्ही पालथा घालता: माउस बडवायचा, समोर येईल ते आडवं करायचं, जमिनीवर पडलेलं उचलायचं. ‘विझर्ड्री’त तुम्ही चाचपडता. एका वेळी एक चौकोन, एक पाऊल, पुढे भिंत की दार ते पाऊल टाकल्यावर कळणार. दोन्ही डंजन क्रॉलर म्हणवतात, पण खेळणाऱ्याच्या अंगात येणारी भावना एक नाही, आणि मराठीत ती क्रियापदातच सांगून होते. मग वेगळं विशेषनाम कशाला घडवायचं?

*

हे आवडलं. ‘चाचपडणे’ लगेच उचलतोय, कारण पहिल्या तीन मजल्यांची सगळी मजा त्यातच आहे.

एक नमुना देतो. लढाई संपते, पेटी मिळते. पेटीला बहुतेक वेळा काहीतरी लावून ठेवलेलं असतं. चोराला ती तपासायला सांगायची, तो म्हणतो ‘विषारी सुई’. त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा? पुरोहिताकडे काल्फो नावाचा मंत्र असतो, त्याने पेटी बघितली तर उत्तर बरंच खात्रीचं मिळतं, पण तो मंत्र खर्च केला की त्याच दर्जाचा एक मंत्र कमी होतो, आणि परतीच्या वाटेवर गरज पडली तर? मूळ खेळात तर कळस होता: जे काही लावलंय त्याचं नाव स्वतः अक्षर-अक्षर टाइप करायचं, मगच चोर ते काढायला बसणार. सुईऐवजी निघाला टेलिपोर्टर, की टोळी मजल्यावर कुठेतरी भलतीकडेच. पेटी उघडण्यासारखं साधं काम, त्यात इतका घाम.

आता यातल्या ‘ट्रॅप’ला काय म्हणू? ‘सापळा’ लिहिलं, पण सापळ्यात काहीतरी अडकतं. इथे अडकत नाही कुणी, उडतं.

*

कळ. पेटीला कळ लावलेली आहे, चोर कळ काढतो, चुकीच्या जागी हात गेला की कळ सुटते. यंत्राची ती कळ आणि दुखण्याची तीही कळ. जमिनीतल्या खड्ड्यांसाठी सापळा राहू द्या.

*

‘कळ काढणे’ म्हणजे खोडी काढणे असा अर्थ होतो हो. “चोराने पेटीची कळ काढली” वाचून मी हसले. ‘कळ उतरवली’ म्हणा.

*

उतरवली. मान्य.

*

मी ‘स्पिनर’साठी आलोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काही चौकोन असे असतात की त्यांवर पाय पडला की टोळीचं तोंड दुसऱ्याच दिशेला फिरतं. पडद्यावर फरक जाणवत नाही, सगळीकडे त्याच भिंती. तुम्ही आपले उत्तरेला चाललोय समजून नकाशा काढत राहता आणि दहा चौकोनांनी लक्षात येतं की कागदावरचा अर्धा मजला खोटा आहे.

कुणी ‘भोवरा’ सुचवेल. नको. भोवऱ्यात माणसाला कळतं की आपण गरगरतोय. याला एकच शब्द आहे, चकवा. रानात चकवा लागलेला माणूस सरळ चाललोय असंच समजत असतो, आणि फिरून फिरून त्याच झाडाशी येतो. शिवाय ‘लागणे’ हे क्रियापदही फुकट मिळतं: “तिसऱ्या मजल्यावर चकवा लागला.” यात खेळाडूचा दोष नाही, जागेचा आहे, हेही आपोआप आलं. इंग्रजी शब्दात हे काहीही नाही, तिथे नुसतं फिरणं आहे.

चकवा लागलाय का हे बघायला दुमापिक मंत्र वापरा. वाड्याकडे जाणाऱ्या जिन्यापासून किती पूर्वेला, किती उत्तरेला, किती खाली आहात आणि तोंड कुठे आहे, सगळं सांगतो.

*

‘चकवा’ एकच नंबर. याच्यापुढे माझी सूचना फिकी आहे, पण ग्राइंडला, म्हणजे लेव्हल वाढवायला त्याच त्या लढाया लढत बसण्याला, ‘दळण’ यावर दुमत नसावं. तेच ते दळण दळत बसणे हा वाक्प्रचार बोलण्याबद्दल आहे, तो खेळण्याला जसाच्या तसा बसतो. ‘विझर्ड्री’त तर दळणाची ठरलेली जागाच आहे: पहिल्या मजल्यावरचं मर्फीचं भूत. मारतं कमी, मरायला वेळ लावतं, आणि अनुभवगुण त्याच्या वयाला न शोभतील इतके देतं. तोच चौकोन, तेच भूत, पुन्हा पुन्हा. सगळ्यांनी दळलंय तिथे.

*

दळण चपखल आहे, आणि मध्यावर आल्यावर माझी मुख्य कुरकुर तीच आहे. पहिले तीन मजले अंगावर येतात: पुढच्या रांगेतल्या तिघांनाच हत्यार चालवता येतं, मागचे तिघे मंत्रांच्या भरवशावर, आणि सुरुवातीला जादूगाराकडे मंत्र बोटांवर मोजण्याइतके. प्रत्येक दार उघडताना परतीचा हिशेब करावा लागतो. कुणी मेलाच तर प्रेत वाड्यावर न्यायचं, मंदिरात पैसे मोजायचे, आणि तरीही विधी फसला तर त्याची राख होते. राखेवरचाही विधी फसला तर नाव कायमचं पुसलं. ही भीती खरी आहे आणि तिच्यामुळेच नकाशा काढायला हात सरसावतो.

चौथ्या मजल्यावर मात्र एकदम चढ आहे. निळी फीत राखणारी मंडळी इतकी तगडी की चाचपडत, अंदाज घेत पोचलेली टोळी तिथे साफ होते. मग वर या, दळा, पुन्हा जा. दळण्यातही एक गंमत खेळणाऱ्यांनी शोधून ठेवलीय ती सांगतो: सराईतल्या, म्हणजे धर्मशाळेतल्या, तबेल्यात झोपायला पैसे पडत नाहीत. जखमा भरत नाहीत, पण मंत्र परत येतात. म्हणून पुरोहिताला तबेल्यात झोपवायचं, उठवून त्याच्या मंत्रांनी सगळ्यांच्या जखमा भरायच्या, पुन्हा तबेल्यात पाठवायचं. महागड्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहिलं तर वय वाढतं, तेही वाचतं. पहिल्यांदा हुशारी वाटते, विसाव्यांदा हमाली.

आता ‘लेव्हल’ सोडवा. माझं वाक्य असं झालंय: “चौथ्या लेव्हलवर सातव्या लेव्हलच्या जादूगाराने तिसऱ्या लेव्हलचा मंत्र टाकला.”

*

हे दुखणं जुनं आहे, मुळातच आहे. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’ या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमपुस्तकात गायगॅक्सने याचा खुलासाच दिलाय. पात्रासाठी ‘रँक’, मंत्रासाठी ‘पॉवर’, राक्षसासाठी ‘ऑर्डर’ आणि ‘लेव्हल’ फक्त भुयाराच्या मजल्यासाठी, असं वाटून द्यायचं मनात होतं. पण तोवर लोकांच्या तोंडी लेव्हल इतकं बसलं होतं की चारही अर्थ तसेच ठेवले. आपल्या तोंडात अजून काही बसलेलं नाही, तेवढा फायदा घ्या. भुयाराला मजला. मंत्राला दर्जा, तो तुम्ही वर न कळत वापरलाच आहे. राहता राहिलं पात्र.

*

पात्राला ‘पायरी’?

*

“पाचव्या पायरीचा योद्धा पायऱ्या उतरून पाचव्या मजल्यावर आला.” नको.

*

इयत्ता. “माझा जादूगार सातवीत आहे.” खालच्या मजल्यांवर अनुभवच शोषून घेणारे भेटतील, त्यांनी हात लावला की लेव्हल उतरते. “रक्तपिपासूने सातवीतून पाचवीत बसवला.” याहून स्पष्ट काय लिहिणार?

*

शाळकरी वाटतं. ‘हुद्दा’ का नाही?

*

हुद्द्याबरोबर हाताखाली माणसं येतात. इथे लेव्हल वाढून हाती काय येतं, तर थोडा जीव आणि एखादा मंत्र, आणि नशीब खोटं असेल तर ताकद किंवा बुद्धी एकाने कमी. होय, या खेळात वरच्या इयत्तेत गेल्यावर गुण घटूही शकतात. इयत्ताच बरोबर.

*

जाता जाता ‘रोगलाइक’चंही बघा कुणीतरी. १९८० च्या ‘रोग’ या खेळावरून नाव पडलं, दर खेपेला भुयार नव्याने रचलं जातं आणि मेलात की पहिल्यापासून. पण देवनागरीत ‘रोगलाइक खेळ’ वाचून एका नातेवाइकांनी मला तब्येतीला जपायला सांगितलं.

*

त्याचा वेगळा धागा काढू. तिथे उलट ‘लूट’ हा शब्द चर्चेला घेता येईल, तो इंग्रजांनी हिंदीतून उचलला आणि आता आपण ‘लूट बॉक्स’ (आत काय निघेल ते न सांगता विकलेली खेळातली पेटी) म्हणून परत विकत घेतो.

मूळ लेखकाला एक शंका. तुम्ही ‘मध्यावर’ म्हणता, पण निळी फीत मिळाल्यावर खासगी लिफ्ट चालू होते आणि ती थेट नवव्या मजल्यापर्यंत जाते. पाच ते आठ हे मजले पाहिले नाहीत तरी खेळ पूर्ण होतो. मग तुम्ही मध्यावर आहात की शेवटाच्या आधीच्या दारात?

*

मजल्यांनी मोजलं तर चार झालेत, सहा उरलेत. वाटेने मोजलं तर दोनच उरलेत. मी ‘अर्ध्यावर’ लिहिणार होतो, पण अर्ध्यावर म्हटलं की पुढे ‘सोडला’ येईल असं वाटतं, म्हणून मध्यावर. आणि पाच ते आठ मी पाहणार आहे. बक्षीस काही नाही माहीत आहे, पण चौकटीचा कागद शिल्लक आहे आणि चाचपडायला तेवढीच जागा उरलीय. नवव्यावर पोचलो की पुन्हा दळणच असणार.

*

मग जादूगार पुरेसा वर गेला की मालोर हा मंत्र मिळेल, तो जपून. भुयारात कुठल्याही चौकोनावर नेतो, पण आकडे तुम्ही द्यायचे. चुकून खडकात उगवलात तर राखही मिळत नाही, अख्खी टोळी गेली. आधी दुमापिक, मग कागदावर बेरीज, मग मालोर.