येऊरचं 'केसाळ माणूस' : हसण्यावारी न्यायचं की ऐकून घ्यायचं?

रानभूल
आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रोडला, मागची भिंत थेट येऊरच्या जंगलाला लागून. दिवाळीनंतरच्या आठवड्यात मागच्या गेटच्या वॉचमनकाकांनी पहाटे साडेचारला भिंतीपलीकडे काहीतरी पाहिलं. "माणसाएवढं, डोक्यापासून कमरेपर्यंत नुसते केस, दोन पायांवर उभं." बॅटरी मारली तर चार-पाच पावलं चालून करवंदीच्या जाळीत शिरलं. ग्रुपवर हसून लोळणाऱ्या इमोजींचा पाऊस. एकाने तर "रात्री किती झाली होती?" असंही विचारलं. काका माळकरी आहेत हो, चहासुद्धा एकच वेळ घेतात.

माझं म्हणणं एवढंच, की पाहणाऱ्याला आधीच वेड्यात काढू नका. मेघालयात गारो लोक 'मांदे बारुंग' म्हणजे रानमाणूस सांगतात, हिमालयात यती, अमेरिकेत बिगफूट. इतक्या लांबलांबच्या लोकांना एकच गोष्ट कशी दिसते? डोंगरी गोरिला १९०२ पर्यंत शास्त्रज्ञांना माहीत नव्हता. व्हिएतनामचा साओला, हरणासारखा दिसणारा प्राणी, तर १९९२ ला कळला.

फांदीवरून
साओला कसा कळला तेही सांगा की. शिकाऱ्यांच्या घरात त्याची शिंगं टांगलेली होती. म्हणजे हातात धरता येईल अशी वस्तू होती. यतीचंही तसंच तपासून झालंय. २०१७ मध्ये यतीचे म्हणून जपलेले हाड, दात, कातडी, केस असे नऊ नमुने डीएनएला लावले. आठ अस्वलांचे निघाले, नववा कुत्र्याचा. गारो टेकड्यांतले केस २००८ मध्ये तपासले, ते गोरलाचे होते. गोरल म्हणजे डोंगरातली शेळीसारखी जात.

आणि येऊर ज्यात येतं ते आपलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान केवढं? शंभर-सव्वाशे चौरस किलोमीटर, भोवती टॉवरच टॉवर. बिबटे मोजायला तिथे कॅमेरे लावतात, ठिपक्यांवरून एकेक बिबट्या ओळखतात. घरच्या मांजरापेक्षा लहान वाघाटीसुद्धा त्यात सापडली. आणि सहा फुटी केसाळ गृहस्थ तेवढे फ्रेम चुकवतात?

रानभूल
भारतीय लष्कराने २०१९ मध्ये नेपाळातल्या मकालू शिखराच्या तळाजवळचे ३२ बाय १५ इंचांचे ठसे यतीचे म्हणून स्वतः ट्विट केले होते. तेही घेऊन बसले होते का?

फांदीवरून
त्यावर देशभर काय हशा झाला तेही आठवा. अस्वलाचा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर पडतो, वर ऊन लागून बर्फ विरघळलं की ठसा पसरतो. शिवाय गारो टेकड्यांत निदान हुलॉक गिबन तरी आहे. बिनशेपटीचा, आणि जमिनीवर उतरला की दोन पायांवरच चालतो. अंधारात त्याचं काहीही होऊ शकतं. येऊरला काय आहे? वानरं आणि माकडं. काकांनी वानर पाहिलं, विषय संपला.

नेरूळचा नातू
पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण एक गंभीर मुद्दा. २००१ च्या मे महिन्यात दिल्लीत 'काला बंदर' उठला होता. बंदर कुणाला सापडला नाही, पण घाबरून गच्चीवरून उड्या टाकलेली माणसं खरोखर मेली. आणि आपल्याकडे २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना ठेचून मारलं. असले मेसेज फॉरवर्ड करताना जरा दमानं.

पाड्यावरची
मी येऊरच्याच एका पाड्यावरची. तुम्ही दोघंही चुकताय.

फांदीवरून, वानर पहाटे साडेचारला झाडावर झोपलेलं असतं. उजाडल्याशिवाय खाली उतरत नाही.

रानभूल, आमच्याकडे वाघोबा आहे, त्याला मान देतो, वाघबारस करतो. चकवा आहे, माझा आजा रात्रभर एकाच आंब्याभोवती फिरत राहिला होता. पण केसाळ माणूस? आजीच्या तोंडून एकदाही ऐकला नाही. तो तुमच्या मोबाइलमधून आला. गारोंचा त्यांच्या रानात राहू द्या.

आता पहाटे जंगलात कोण असतं ते सांगते. आम्ही असतो. दिवाळीनंतर गवत वाळतं. डोक्यावर भारा घेतला की तो पुढून-मागून कमरेपर्यंत लोंबतो, तोंड दिसत नाही, हात दिसत नाहीत, खाली फक्त दोन पाय. आणि गवत न्यायला बंदी आहे, म्हणून बॅटरी अंगावर आली की आम्ही जाळीत शिरतो.

फांदीवरून
🙏 वानर मागे घेतो.

नेरूळचा नातू
म्हणजे सोसायटीने बंदोबस्त मागवला असता तर...

रानभूल
तेच. कमिटीत कालच 'चार पोरं काठ्या घेऊन गस्तीला' असा विषय निघाला होता. तो आज बंद पाडला, एवढं मान्य करतो.

पण हार मानत नाही हां. आत्ताच खाली जाऊन काकांना भाऱ्याचं सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, गवत कण्हतं का? ते कण्हत होतं."

पाड्यावरची
डोक्यावर वीस किलो घेऊन चढ चढून बघा, तुम्हीही कण्हाल.

रानभूल
आणि पायात काही नव्हतं म्हणे. अनवाणी होतं. नोव्हेंबरच्या दवात, काट्यात!

पाड्यावरची
माझ्या मावशीच्याही पायात नसतं.