मिश्रखत की सरळ खते: गव्हाच्या उत्पन्नात फरक कशाने पडतो?

प्रश्न (रब्बीकर, सिन्नर तालुका)

नमस्कार मंडळी. सोयाबीन निघाल्यावर दोन एकरांत बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरण्याचे योजले आहे. जमीन मध्यम काळी असून थोडे खोदले की चुनखडी लागते. आमच्या वस्तीवर पेरणीच्या वेळी 18:18:10 या मिश्रखताची (शेकडा 18 नत्र म्हणजे नायट्रोजन, 18 स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि 10 पालाश म्हणजे पोटॅशियम) एकरी एक गोणी आणि पहिल्या पाण्याला त्याचीच दुसरी गोणी देण्याची रीत आहे. शेजारचे शेतकरी मात्र 10:26:26 देतात आणि त्यांचा गहू दर वर्षी आमच्यापेक्षा सरस पिकतो. हा मिश्रखताच्या प्रकाराचा परिणाम आहे, की युरिया, सुपर फॉस्फेट आणि पोटॅश वेगवेगळे घेतले तरी तेवढेच पिकेल? हिशेबासह उत्तर मिळाल्यास उपकृत होईन.

उत्तर (गोदाकाठ, निफाड)

रब्बीकर, गव्हाला किती किलो अन्नद्रव्य, कोणत्या वेळी आणि किती खोलीवर मिळाले, यावर उत्पन्न ठरते. ती मात्रा आणि वेळ सारखी ठेवली, तर मिश्रखत आणि सरळ खते यांत माझ्या मते फारसे अंतर राहत नाही.

वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद आणि 40 किलो पालाश अशी शिफारस आहे, म्हणजे एकरी 48, 24 आणि 16 किलो. यातले निम्मे नत्र आणि सगळे स्फुरद व पालाश पेरणीबरोबर द्यायचे, आणि उरलेले निम्मे नत्र साधारण 21 दिवसांनी, मुकुटमुळे (रोपाच्या बुंध्याशी येणारी मुख्य मुळे) फुटण्याच्या वेळी, पाण्याच्या पाळीसोबत द्यायचे. आता आपल्या दोन गोण्या पाहा. पन्नास किलोची गोणी धरली तर त्यांतून नत्र 18, स्फुरद 18 आणि पालाश 10 किलो मिळते; म्हणजे नत्र शिफारशीच्या निम्मेही होत नाही. शिवाय स्फुरद जमिनीत जागचे फारसे हलत नाही आणि चुनखडीच्या जमिनीत ते चुन्याशी लवकर बांधले जाते, त्यामुळे दुसऱ्या गोणीतले स्फुरद वरच्या थरातच राहते आणि गव्हाच्या उपयोगी फार थोडे पडते. तो खर्च मला खरोखर जिवाला लागतो, कारण त्याच पैशांत युरिया घेतला असता तर फुटवे वाढले असते.

सरळ खतांतून द्यायचे झाल्यास पेरणीला एकरी सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या, पोटॅश 27 किलो आणि युरिया 52 किलो घ्यावा, आणि 21 दिवसांनी पुन्हा 52 किलो युरिया द्यावा. मिश्रखतच हवे असेल तर 12:32:16 च्या दीड गोणीतून 24 किलो स्फुरद पूर्ण होते. सोबत युरिया 33 किलो आणि पोटॅश सात किलोच्या आसपास द्यावे, आणि दुसरा हप्ता निव्वळ युरियाचा ठेवावा. आपले शेजारी 10:26:26 च्या दोन गोण्या पेरणीलाच देऊन नंतर युरिया देत असतील, तर त्यांचा गहू सरस का, याचे उत्तर या हिशेबातच आहे.

उत्तर (काळी रान, चांदवड)

वरील हिशेब योग्य आहे. त्यात गंधकाची भर घालतो. सुपर फॉस्फेटमध्ये सुमारे 11 टक्के गंधक असते. 10:26:26 किंवा 12:32:16 मधून ते मिळत नाही, म्हणून गंधक कमी असलेल्या रानात सुपर फॉस्फेटचा गहू उजवा दिसू शकतो.

दुसरे म्हणजे गोणी उघडून मूठभर खत तळहातावर घ्या. सगळे दाणे एकसारखे असतील तर चिंता नाही. पांढरे, तांबूस आणि करडे दाणे वेगवेगळे ओळखू येत असतील, तर वाहतुकीत आणि पेरणी यंत्राच्या पेटीत हादऱ्याने बारीक दाणे खाली आणि जाड दाणे वर जमतात, आणि महिनाभराने रानात गर्द हिरवे व फिकट पट्टे उठतात. असे खत पेटीत भरण्याआधी पुन्हा कालवावे. युरिया आणि सुपर फॉस्फेट घरी मिसळले तर ते ओलसर होऊन गोळा होते, म्हणून पेरणीच्या वेळीच मिसळून लगेच संपवावे.

रब्बीकर

आपणा दोघांचे आभार. आमचे थोरले बंधू म्हणतात की केवळ युरियाने गहू हिरवागार होतो, बाकीचा खर्च कशाला? शिवाय जस्ताचे काय करावे?

गोदाकाठ, निफाड

बंधूंना सांगा की हिरवेपणा म्हणजे दाणा नव्हे. नुसत्या नत्राने गहू माजतो आणि वाऱ्यात लोळतो. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे 1843 पासून गव्हावर खतांचा प्रयोग सुरू आहे, आणि तिथेही फक्त नत्र मिळणारे वाफे नत्र, स्फुरद व पालाश मिळणाऱ्या वाफ्यांच्या मागे राहिले आहेत. जस्ताची कमतरता माती परीक्षणात आढळली, तर झिंक सल्फेट एकरी आठ किलो शेणखतात मिसळून पेरणीपूर्वी द्यावे. ते स्फुरदयुक्त खतात कालवू नये. परीक्षणाचा नमुना खत टाकण्यापूर्वीच काढा.