मदत हवी आहे: जहाजावरच्या हुद्द्यांना आयरिशमध्ये काय म्हणतात?

नमस्कार मंडळी. आम्ही आयर्लंडमध्ये कॉर्कला राहतो, लेक तिसरीत आहे. इथे शाळेत आयरिश असतेच, आता त्यांच्या वर्गाने जहाजावरचं छोटं नाटक बसवलंय आणि मुलांच्या गळ्यात घालायच्या हुद्द्यांच्या पाट्या मी करतो म्हणून हौसेने बोलून बसलो. नाटक गुरुवारी आहे आणि रात्री साडेअकराला पुठ्ठा, स्केचपेन घेऊन बसलोय.

कॅप्टनला कापतेन, ते सोपं आहे. कमांडर म्हणजे क्यानसी, त्यात 'क्यान' म्हणजे डोकं, आपल्या 'मुख्य'मधल्या मुखासारखंच. पेटी ऑफिसर (नेव्हीतला खालच्या हुद्द्याचा अधिकारी) मिन-इफिगख, मिन म्हणजे छोटा. साधा खलाशी मार्न्येलख. मेट, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी, त्याला म्हणतात माता!! आई व्हिडिओ कॉलवर पाट्या बघत होती, म्हणाली अरे जहाजावर कोणाची माता?

आता अडलंय ते असं की स्क्रिप्टमध्ये कॅप्टनला हाक मारताना 'अ खापतेन्य' लिहिलंय, कचा ख झालाय आणि शेवटही बदललाय. आपण 'मुलगा'चं 'मुला' करतो तेव्हा निदान सुरुवात तरी तीच राहते, इथे डोकंच बदलतं. मग पाटीवर कुठलं लिहू? दुसरं, सुकाणू धरणाऱ्याला डिक्शनरीत 'श्ट्यूरहोर' मिळालं पण तो शब्द मी इथे डायरेक्टरसाठीच बघितलाय, चालेल का?

प्रतिसाद १:
पाटीवर कापतेनच लिहा, खवालं रूप फक्त हाकेत. श्ट्यूरहोर बिनधास्त लिहा, 'श्ट्यूर' म्हणजे सुकाणू, कंपनी चालवणारा डायरेक्टर हा त्यातूनच आला. पण तुमची खिचडी झालीये दादा. क्यानसी आणि मिन-इफिगख हे नेव्हीचे, कॉर्कजवळच्या कोव्ह गावी किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर हॉलबोलाइन बेट दिसतं ना, तिथे नेव्हीचा तळ आहे, तिथले. माता, बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) हे मालवाहू जहाजावरचे. आपल्याकडे एकाच होडीवर तांडेल आणि ॲडमिरल बसवल्यासारखं झालं. नाटकातलं जहाज कुठलं आहे ते आधी विचारा. आणि स्पेलिंग तेर्मा डॉट आयईवर बघून घ्या, सरकारी संज्ञाकोश आहे, अक्षरांच्या डोक्यावरच्या तिरक्या रेघा विसरू नका, त्या गेल्या तर बाई पाटी परत पाठवतील.

धागाकर्ता:
लेकीला उठवून विचारलं, माल नेणारं जहाज आहे, संत्री भरलेलं. क्यानसी आणि मिन-इफिगख बाजूला काढले. माता राहिली. आता बोसनची पाटी नव्याने करतो, पुठ्ठा संपलाय, सिरियलचा खोका कापतोय.