बाबांना पार्किन्सन आहे, झोपेत लाथा मारतात आणि ओरडतात. आजारामुळे की गोळ्यांमुळे?

कोपरगावची_लेक
नमस्कार मंडळी, बाबा ७२ वर्षांचे आहेत, कंपवात आहे, त्यासाठी सिंडोपा (लेव्होडोपा असलेली गोळी) चालू आहे आणि रात्री प्रॅमिपेक्सोल. दिवसा तसे ठीक असतात, हात थरथरतो पण स्वतःचं सगळं स्वतः करतात, पेपर वाचतात, राजकारणावर भांडतात. रात्री मात्र पहाटे पहाटे अचानक "धर त्याला, सोडू नको" असं ओरडतात, बुक्के मारतात, परवा आईच्या बरगडीला चांगलंच लागलं. उठवलं की म्हणतात कुत्री मागे लागली होती. ते एक वेळ ठीक पण आता संध्याकाळी दिवे लावायच्या वेळेला विचारतात की ती कोपऱ्यात बसलेली पोरं कोणाची?? मावशी म्हणते बाहेरचं आहे, दृष्ट काढा. डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात आहे. कोणाला असा अनुभव आहे का?

सुमनताई_सांगली
अगं आमच्या ह्यांचं सेम टू सेम! आणि त्यांचं हे झोपेतलं हाणामारीचं प्रकरण तर हात थरथरायच्या किती तरी वर्षं आधीपासून होतं, तेव्हा आम्ही सगळे हसायचो. पहिलं काम म्हणजे आजपासून आईची गादी वेगळी कर, वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, बरगडी मोडली तर दोघांचं कोण करणार. पलंगाजवळचं स्टूल, तांब्या, चष्मा, काचेचं काहीही असेल ते लांब ठेव आणि पडण्याची भीती असेल तर खाली एक गादी अंथर. आणि उठवायला अंगाशी जाऊ नका, स्वप्नातला चोर समजून तुम्हालाच ठोसा बसतो. दारातून नावाने हाक मारायची.

न्यूरोवाला
मी न्यूरॉलॉजी विभागात काम करतो, पण हा सल्ला म्हणजे तुमच्या डॉक्टरांना पर्याय नाही हे आधीच सांगतो.

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र लिहिल्यात. लाथा-बुक्के म्हणजे आरबीडी, रेम झोपेत हातपाय चालवण्याचा, ओरडण्याचा विकार. रेम म्हणजे झोपेचा तो टप्पा ज्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. स्वप्नं पडतात ती मुख्यतः याच झोपेत, आणि तेव्हा मेंदूचा देठ आपले स्नायू ढिले करून ठेवतो म्हणून आपण स्वप्नात पळालो तरी अंथरुणातच असतो. पार्किन्सनमध्ये तिथल्याच पेशी बिघडतात, मग ब्रेक लागत नाही आणि माणूस स्वप्न जसंच्या तसं करून दाखवतो. १९६५ मध्ये फ्रान्समधल्या लियॉंला मिशेल जूव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतला हाच भाग निकामी केला तर मांजरं रेम झोपेत झडप घालायला लागली. माणसांतला आजार म्हणून शेंक आणि माहोवाल्ड यांनी अमेरिकेत मिनेसोटामध्ये १९८६ ला मांडला. ताई म्हणतात तसं तो थरथरीच्या वर्षानुवर्षं आधी येऊ शकतो. त्यामुळे हे बाहेरचं वगैरे काही नाही, मावशींना सांगा. यावर मेलाटोनिन किंवा क्लोनाझेपाम देतात, पण क्लोनाझेपामने म्हातारी माणसं धडपडतात आणि घोरत असतील, झोपेत श्वास अडकत असेल तर ते आणखी वाढू शकतं, म्हणून घोरण्याबद्दल आवर्जून सांगा. डिप्रेशनची काही औषधं आरबीडी वाढवतात, ती चालू असतील तर तेही सांगा.

कोपऱ्यातली पोरं हा भास आहे. त्यात प्रॅमिपेक्सोल, अमँटाडीन, ट्रायहेक्सीफेनिडिल अशा पार्किन्सनच्याच औषधांचा हात असू शकतो, म्हणून डोस पुन्हा बघावे लागतात. भास अचानक वाढले तर लघवीचं इन्फेक्शन, ताप, पाणी कमी पडणं हेही बघतात, तेव्हा महिनाभर थांबू नका, फोन करून लवकरची वेळ मागा. मनाने गोळ्या बंद मात्र करायच्या नाहीत, लेव्होडोपा एकदम तोडलं तर गंभीर होऊ शकतं. आणि कोणी गल्लीतल्या डॉक्टरने शांत करायला हॅलोपेरिडॉल किंवा उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड दिलं तर घेऊ नका, पार्किन्सन वाढतो.

एक प्रश्न, कवचबीज किंवा खाजकुयलीचं चूर्ण चालू आहे का? त्यात खरोखरचं लेव्होडोपा असतं, सिंडोपाबरोबर घेतलं की डोस किती झाला हे कोणालाच कळत नाही.

आप्पा_पेन्शनर
मला स्वतःला पार्किन्सन आहे. लोकांना स्वप्नांचं कौतुक, पण मला खरा त्रास कूस बदलायचा, रात्री अंग असं जाम होतं की बायकोला हाक मारावी लागते. गुळगुळीत सॅटिनची चादर टाकली तर सरकायला बरं पडतं. लघवीला उठताना आधी काठावर बसून राहायचं, बीपी पडून चक्कर येते. दुपारी तासन् तास झोपू देऊ नका, मग रात्री कसली झोप लागणार.

कोपरगावची_लेक
सगळ्यांचे खूप आभार. न्यूरोवाला दादा, आईला विचारलं तर चूर्ण चालू आहे!! मावशीनेच आणून दिलंय दुधातून घ्यायला 😑 ही मावशी म्हणजे ना. रात्री मोबाइलवर व्हिडिओ काढला तर डॉक्टरांना उपयोग होईल का? बाबांना आवडेल की नाही माहीत नाही.

न्यूरोवाला
बाबांना विचारून काढा, खूप उपयोग होतो. आरबीडीच्या खात्रीसाठी रात्रभराची स्लीप स्टडी, म्हणजे झोपेची तपासणी लागते, ती सगळीकडे नसते. भास किती वाजता होतात आणि त्याआधी कोणती गोळी कधी घेतली ते वहीत लिहा, चूर्णाचा डबाही बरोबर न्या. त्या पोरांवरून बाबांशी वाद घालू नका, बल्ब मोठा लावा, खुर्चीवरचे कपडे उचलून ठेवा, अंधारात त्याचीच माणसं होतात.

सुमनताई_सांगली
आणि पुण्याला पार्किन्सन मित्रमंडळ आहे, आईला तिथल्या कोणाशी तरी बोलायला सांग. तिची झोप किती होते ते कोणी विचारलंय का?