सॅन फ्रान्सिस्को: नॉर्थ बीचमधला व्हेसुव्हिओ बार एका शनिवारी नीट बघायचा तर?

खाडीपार यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. जुलैतल्या एका शनिवारी सॅन फ्रान्सिस्कोत दुपारपासून रात्रीपर्यंतचा वेळ मोकळा आहे. कॉलंबस अ‍ॅव्हेन्यूवरचा व्हेसुव्हिओ कॅफे आणि शेजारचं सिटी लाइट्स हे पुस्तकांचं दुकान बघायचं ठरवलंय. बीट कवींबद्दल (१९५०च्या दशकातले केरुअ‍ॅक, गिन्सबर्ग वगैरे बंडखोर अमेरिकन लेखक) बरंच वाचलेलं आहे, पण तिकडच्या बारची रीत अजिबात माहीत नाही. सोबत नवरा, सासरे (वय ७१, पीत नाहीत, गुडघ्यांचा त्रास आहे) आणि नवऱ्याचा १९ वर्षांचा भाचा. मुक्काम मार्केट स्ट्रीटजवळ. किती वाजता जावं, कुठे बसावं, काय मागवावं, आणि भारतातलं कार्ड चालतं का? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

कॉलंबसनाका:

आधी भाच्याचं बोलू, कारण त्याला आत घेणार नाहीत. पिण्याचं वय २१ हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कॅलिफोर्नियात ज्या बारला जेवणाचा परवाना नाही, नुसती पेयं विकतात, तिथे २१ च्या खालच्या माणसाला नुसतं बसायलाही मनाई आहे. मामा-मामी बरोबर आहेत, तो फक्त कोक घेईल, असल्या सबबी चालत नाहीत. परवान्यावर गदा बारवाल्याच्या येते, म्हणून ते दारातच थांबवतात. व्हेसुव्हिओ त्याच प्रकारात मोडतं. भाच्याला सिटी लाइट्समध्ये सोडा. वरच्या मजल्यावर कवितांची वेगळी खोली आहे, तिथे खुर्ची ओढून वाचत बसलेल्याला कुणी उठवत नाही. किंवा व्हॅलेहो आणि ग्रँटच्या कोपऱ्यावरचं कॅफे त्रिएस्ते, १९५६ पासूनचं. तिथे वयाची अट नाही आणि चालत पाच मिनिटं लागतात.

तुम्ही तिघांनी मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, सासऱ्यांनीसुद्धा. तिथे पिकल्या केसांच्या माणसालाही ओळखपत्र मागायची पद्धत आहे. झेरॉक्स, फोनमधला फोटो, आधार यांचा उपयोग नाही. भारतीय लायसन्स एखादा घेतो, एखादा परत करतो. त्या भरवशावर जाऊ नका.

वेळ दुपारी ३ ते ५ ची धरा. शनिवारी रात्री ९ नंतर ब्रॉडवेवरच्या क्लबांची गर्दी इकडे सांडते. मग आतल्या चित्रांपुढे माणसं उभी राहतात आणि बघायला आलो तेच दिसत नाही. जुलैत सूर्य साडेआठच्या सुमाराला मावळतो, तेव्हा पाच वाजता रंगीत काचांतून छान उजेड असतो. उघडायची वेळ अधूनमधून बदलते, त्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर बघून निघा. बंद व्हायची वेळ कायद्यानेच ठरलेली आहे: राज्यात साधारणपणे रात्री २ ते सकाळी ६ दारूविक्री नाही.

बसायला वरचा माळा. जिन्याने चढलं की गॅलरीसारखी बैठक आहे, एका अंगाला कॉलंबसकडे बघणारी खिडकी, दुसरीकडून खालचा अख्खा बार दिसतो. पेयं खालूनच घेऊन वर न्यावी लागतील असं धरून चला. जिना अरुंद आहे, लिफ्ट नाही. सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर खाली भिंतीकडेचं टेबल धरा. बारसमोरची उंच स्टुलं त्यांना अवघड जातील.

सोडालिंबू:

पेयांबद्दल लिहितो. घरचं प्रसिद्ध कॉकटेल म्हणजे जॅक केरुअ‍ॅक: रम, टकिला, संत्र्याचा आणि क्रॅनबेरीचा रस, लिंबू, सगळं रुंद बुटक्या ग्लासात. चव गोड-आंबट, त्यामुळे घोट मोठे जातात. दोन्ही दारू एकेक औंस धरल्या तरी ६० मिली होतात, म्हणजे आपला लार्ज पेग एका ग्लासात. रसामुळे ते जाणवत नाही आणि दुसरा ग्लास संपेपर्यंत उशीर झालेला असतो. एक घ्या, मध्ये पाणी घ्या. नळाचं पाणी फुकट मिळतं, मागितलं की लगेच देतात.

दुसरं, बोहेमियन कॉफी: गरम कॉफी, ब्रँडी, अमारेत्तो, वर लिंबाच्या सालीची चकती. धुक्याच्या संध्याकाळी हीच घ्यावी असं माझं ठाम मत. अमारेत्तोला बदामाचा वास असतो. सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी असलेल्याने आधी विचारावं.

साधी व्हिस्की मागाल तर तिकडचं माप दीड औंस, म्हणजे ४४ मिली: आपल्या स्मॉलपेक्षा जास्त, लार्जपेक्षा कमी. बिअरचा पाइंट १६ औंस, ४७३ मिली. या शहराची म्हणून जी ओळख आहे ती फर्नेट-ब्रांका ही दारू, ३९ टक्के अल्कोहोलची, काढ्यासारखी कडू, मेन्थॉलचा झटका देणारी. छोट्या ग्लासात घेतात आणि बाजूला जिंजर एल. पहिल्यांदा घेताना दोघांत एकच मागवा.

जुन्या प्रवासलेखांत ‘अँकर स्टीम (इथली बिअर) मागा’ असं हमखास लिहिलेलं सापडेल. त्या कंपनीने जुलै २०२३ मध्ये गाशा गुंडाळला आणि २०२४ मध्ये नव्या मालकाने ती विकत घेतली. बाटली मिळेलच असं समजू नका, नळावर कोणती बिअर आहे ते विचारा.

सासऱ्यांसाठी सोडा आणि लिंबू. त्यात बिटर्स (कडू अर्काचे थेंब) घालू नका असं स्पष्ट सांगा. अँगोस्तुरा बिटर्समध्ये ४४.७ टक्के अल्कोहोल असतं. थेंबभरच घालतात आणि बारटेंडर ते दारू म्हणून धरतही नाही, पण अजिबात न घेणाऱ्या माणसाला ते कळायला हवं.

आणि पोट रिकामं ठेवून जाऊ नका, तिथे काही शिजत नाही. ग्रीन स्ट्रीटवरच्या गोल्डन बॉय पिझ्झाचे चौकोनी, जाड तुकडे शाकाहारीही असतात. कॉलंबसवरचं मोलिनारी हे १८९६ पासूनचं इटालियन दुकान सँडविच करून देतं, मांसाशिवायही, पण ते संध्याकाळी लवकर आवरतं.

खाडीपार:

खूपच उपयोगी, दोघांचेही आभार! तिकडे टॅब (शेवटी एकदम फेडायचं चालू बिल) उघडतात म्हणे, म्हणजे कार्ड त्यांच्याकडे ठेवून द्यायचं का? ते जरा धाकधुकीचं वाटतं. टिपचं गणितही सांगा.

हिशेबवही:

कार्डाची तयारी घरूनच करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवं कार्ड फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू असतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर आणि टॅप करून पैसे देणं हे दोन्ही वेगवेगळे चालू करावे लागतात. मर्यादाही तिथेच ठरवा. पहिलं चालू करून दुसरं विसरलं की टॅप नाकारला जातो आणि कार्डच बाद झालं असं वाटतं. अशा वेळी चिप आत घालून बघा.

टॅब उघडली की कुठे कार्ड ठेवून घेतात, कुठे एकदा वाचून परत देतात. तुमच्यासारख्यांनी टॅब उघडूच नये, प्रत्येक फेरीला तिथल्या तिथे पैसे द्यावेत. ‘क्लोज इट आउट’ एवढं म्हटलं की पुरतं. उघडलीत आणि बंद न करता निघालात, तर बरेच बार स्वतःच २० टक्के टिप लावून व्यवहार पुरा करतात, आणि कार्ड तिथे राहिलं तर दुसऱ्या दिवशी फेरी पडते ती वेगळी.

टिप: बिअर किंवा साध्या पेयाला १ डॉलर, कॉकटेलला २, किंवा एकूण बिलावर १८ ते २० टक्के. सोडा-लिंबाचे पैसे घेतले नाहीत तरी डॉलर ठेवा. पावतीवर टिपची ओळ असते, त्याखाली बेरीज लिहून सही करायची. त्यामुळे मेसेज आधी बिलाचा येतो आणि दोन-तीन दिवसांनी टिप धरून मोठा आकडा खात्यात पडतो. हे दोनदा कापलेले पैसे नसतात, आधीची रक्कम नुसती अडवलेली असते. फॉरेक्स कार्डावर ती जास्त दिवस अडकून राहू शकते, म्हणून थोडी शिल्लक ठेवा. १ आणि ५ च्या नोटा खिशात असू द्या. आजूबाजूच्या जुन्या बारांत रोख पैसे कधीही उपयोगी पडतात.

कागदफूल:

या बारकडे फक्त केरुअ‍ॅकचा अड्डा म्हणून बघितलं तर निम्मी गंमत हुकते. आँरी लेनुआर याने १९४८ मध्ये व्हेसुव्हिओ उघडला, बार ज्या इमारतीत आहे ती १९१३ ची. म्हणजे सिटी लाइट्स (१९५३) यायच्या पाच वर्षं आधी ही जागा चित्रकार-लेखकांना सरावलेली होती. भिंतींवर चित्रं लावायची सवय लेनुआरचीच. ७ ऑक्टोबर १९५५ ला शहरातल्या सिक्स गॅलरी या चित्रदालनात गिन्सबर्गने ‘हाउल’ ही गाजलेली लांब कविता पहिल्यांदा वाचली, त्या संध्याकाळी केरुअ‍ॅकचा मित्र नील कॅसडी वाटेत इथे थांबला होता. त्या गॅलरीच्या संस्थापकांपैकी एक चित्रकार वॉली हेड्रिक. याच हेड्रिकला लेनुआरने दाढी, सँडल अशा वेशात बारच्या खिडकीत बसून चित्रं काढायला पैसे देऊन ठेवलं होतं! स्तंभलेखक हर्ब केनने ‘बीटनिक’ (बीट मंडळींचं चेष्टेचं नाव) हा शब्द १९५८ मध्ये वर्तमानपत्रात चालवला आणि पर्यटकांचे लोंढे सुरू झाले. लेनुआरला ते कळत होतं आणि त्याने त्याचा धंदा केला. बोहेमियन वस्ती भाडं कशी भरते ते या एका खिडकीत दिसतं. तिच्यापुढे दोन मिनिटं थांबाच.

१९६० मध्ये केरुअ‍ॅक दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरच्या बिग सूरला लेखक हेन्री मिलरला भेटायला निघाला होता आणि इथेच पीत बसल्यामुळे ती भेट राहिली. त्याचं टेबल कोणतं हे विचारण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा माळ्यावर ‘लेडी सायकिअ‍ॅट्रिस्ट’साठी राखीव कोनाड्याची पाटी शोधा, आणि ‘पोर्टलंडमधून सुटायला जीव कासावीस झालाय’ अशी जी दुसरी पाटी आहे तीही.

बाहेर पडल्यावर बार आणि दुकानाच्या मधला बोळ पुरा चाला. पूर्वीची अ‍ॅडलर अ‍ॅली, १९८८ पासून जॅक केरुअ‍ॅक अ‍ॅली. २००७ मध्ये ती वाहनांना बंद करून फरसबंद केली, आणि फरशीत बसवलेल्या लेखकांच्या ओळी काही इंग्रजी, काही चिनी आहेत, कारण वरचं टोक चायनाटाउनच्या ग्रँट अ‍ॅव्हेन्यूवर निघतं. दुकानाच्या भिंतीवरचं मोठं चित्र मेक्सिकोतल्या चियापासमधल्या तानिपेर्ला गावच्या नष्ट केलेल्या भित्तिचित्राची प्रतिकृती आहे. पाठ फिरवून सेल्फी काढण्याआधी ते बघा. गिन्सबर्ग १९६२ मध्ये मुंबईत येऊन गेला, आपल्या लघुअनियतकालिकांच्या पिढीने या कवींना मनापासून वाचलं, तेव्हा कवितांच्या खोलीत मराठी माणसाला परकं वाटायचं कारण नाही. क्रम मात्र दुकान आधी, बार नंतर असाच ठेवा. दोन ग्लासांनंतर पुस्तकं निवडली जात नाहीत, नुसती विकत घेतली जातात.

वेळ उरला तर रस्त्यापलीकडच्या विल्यम सरोयान प्लेसमधलं स्पेक्स (१९६८ पासूनचा बार) जास्त जिवंत आहे असं मी म्हणेन. खलाशांनी आणलेल्या वस्तूंनी भरलेलं, आणि तिथले नेहमीचे लोक अनोळखी माणसाशी बोलतात. समोरच्या टोस्का या बारमधल्या ‘हाउस कॅपुचिनो’त कॉफी नसते, दारू, चॉकलेट आणि गरम दूध असतं, हे सासऱ्यांसाठी मागवण्याआधी लक्षात असू द्या.

कॉलंबसनाका:

स्पेक्सबद्दल सहमत, पण गुडघे आणि गर्दी बघता शनिवारी दोन बार एका संध्याकाळी नकोत.

जाण्या-येण्याचं राहिलं होतं. माँटगोमेरी स्टेशनपासून माँटगोमेरी स्ट्रीटने उत्तरेला ट्रान्सअमेरिका पिरॅमिडपर्यंत या, तिथून तिरपा निघतो तो कॉलंबस. पॅसिफिक अ‍ॅव्हेन्यू ओलांडला की डाव्या हाताला बार. चांगल्या पायांना वीस मिनिटं, जवळजवळ सपाट. भुयारी टी लाइनने चायनाटाउनला उतरायचा मोह होईल, कारण नकाशात तिथून अंतर कमी दिसतं. पण ते स्टेशन वर टेकडीच्या अंगाला आहे आणि पुढचा रस्ता उतरणीचा. दुखऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो. सासऱ्यांना उबरने कॉलंबस-ब्रॉडवेच्या कोपऱ्यावर उतरवा. भाड्याची गाडी आणू नका: पिऊन चालवायचा प्रश्नच नाही, आणि गाडीत दिसेल अशी पिशवी ठेवली की काच फुटते, या शहराचा तो जुना रोग आहे.

ग्लास किंवा उघडी बाटली घेऊन बोळात यायचं नाही, सार्वजनिक जागेत त्याला दंड आहे. सिगरेटही आत नाही. बारमध्ये १९९८ पासून बंदी आहे. परतीची बार्ट (इथली उपनगरी रेल्वे) रात्री बाराच्या आसपास संपते, पण तुम्हाला मार्केटपर्यंतच जायचंय, तेव्हा टॅक्सी पुरेल. जुलै असला तरी चौघांनी जॅकेट घ्या. संध्याकाळी धुकं आलं की पारा १२-१३ वर उतरतो, आणि टॅक्सी मिळेपर्यंत कोपऱ्यावर वारा लागतो.